पाणी सोडलं

पहाटे चार पन्नासला उशीखाली मोबाईल थरथरतो.
‘पाणी सोडलं.’
दोन शब्द आणि एक पूर्णविराम.
पद्मावतीच्या टाकीपासून धनकवडीच्या चढापर्यंत
एवढ्या घरांना जागं करणारा खिलारे,
महापालिकेचा व्हॉल्व्हमन,
आमच्यातल्या कुणी पाहिलेला नाही.
डीपीत फक्त एक सायकल,
भिंतीला टेकलेली.

मी देवाधर्मातली नाही.
बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्या,
माळ ओढायला बोटं शिल्लक राहिली नाहीत.
पण हे दोन शब्द आले की उठते,
नळाखाली बादली सरकवते,
आधी नुसती हवा खाकरते पाइपात,
मग तळाशी तो आवाज.
तेव्हा तळजाईवर एखादा मोर ओरडतो.
याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही.
गुरुवारी पाणी बंद असतं
तेव्हाही जाग येते चार पन्नासलाच,
आणि हात उगाच उशीखाली जातो.

ग्रुपवर बाकी काय असतं?
नगरकरांचे गुलाब, दव पडलेले, रोज तेच.
लोंढेबाईंचं ‘बी विंगला प्रेशर नाही’.
मुल्लांच्या यास्मिनची हरवलेली मांजर,
सापडलेली मांजर,
पुन्हा हरवलेली.
खिलारेला उत्तर कुणी देत नाही.
नळाला कोण उत्तर देतं?

मागच्या मंगळवारी पाच वाजून गेले.
लोंढेबाईंनी तीन प्रश्नचिन्हं टाकली.
कुणी म्हणालं, पगार घेतात, झोपतात.
पाच दहाला आलं:
‘पाणी सोडलं. वीस मिनिटं उशीर झाला.
आई गेली रात्री. चावी माझ्याकडंच होती.’

बादली भरून वाहायला लागली.
मी नळ बंद केला नाही.

माणसं ओंजळभर सोडतात,
तीळ घालून, दक्षिणेकडे तोंड करून.
याने अख्ख्या धनकवडीवर सोडलं.
ते आमच्या टाक्यांत चढलं,
कुकरात शिजलं,
शाळेच्या बाटल्यांत भरून गेलं,
आणि कुणाला कळलंसुद्धा नाही
आपण कशात सामील होतो.

पडद्यावर ‘टाइप करत आहे…’
आलं, गेलं. पुन्हा आलं.
लोंढेबाई होत्या. बराच वेळ त्या काही लिहीत होत्या
आणि पुसत होत्या.
शेवटी त्यांनी तीन प्रश्नचिन्हं काढून टाकली.
‘हा संदेश हटवला गेला’ एवढंच उरलं तिथं,
मला तर ते पुरेसं वाटलं.
मग जोडलेले हात येऊ लागले,
एक, चार, एकोणीस,
पिवळे, सगळे सारखे.
यास्मिन म्हणते ते हात नाहीतच, टाळी आहे दोघांची.
असेल.
दोन वेगळ्या माणसांचे तळवे असतील
तर नमस्कार आणखी कुठला असतो?

पाणी मीही सोडलंय एकदा.
सासवडच्या जमिनीवर, पाचशेच्या स्टॅम्पवर,
हक्कसोडपत्र, दोन साक्षीदार.
सही केली, पेनाचं टोपण लावलं,
आणि अकरा वर्षं ती जमीन रोज मोजत बसले
नोटांसारखी, थुंकी लावून.
भाऊ वडगावला राहतो. इथून रिक्षानं पंचवीस मिनिटं.
त्याचा नंबर माझ्याकडे ‘श्रीपाद नको’ नावानं आहे.

सहा वाजता उजाडलं.
‘नको’ पुसलं आधी. नुसता श्रीपाद राहिला.
मग बोटं थांबली,
अकरा वर्षांची सुरुवात कुठून करतात?
लिहिलं: पाणी आलं का तुमच्याकडे?

एक करडी खूण.
बराच वेळ एकच.
मी दुसरी बादली लावली.